डोमाजीभाऊ अमेरिका तपासतात

डोमाजीभाऊ वर्तमानपत्रातला फोटो उन्हात धरून बघतात. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार असला तर दोनदा बघतात. मागल्या पानावरची जाहिरात कागदातून आरपार दिसते आणि मग भाऊ माझ्याकडे वळून गंभीरपणे जाहीर करतात, "मास्तर, याच्या डोक्यात तं मोटारपंप दिसून राह्यला."

सवय जुनी आहे. आमच्या आरमोरीकडे तेंदूपत्त्याची फळी लागते, म्हणजे विडीसाठी जंगलातून तोडलेली पानं जिथे गोळा होतात ती जागा. भाऊ तिथे चाळीस वर्षं चेकर होते. बायाबापड्यांनी आणलेला पुडा उचलायचा, पान उन्हाकडे धरायचं, घ्यायचं की टाकायचं ते सांगायचं. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, पण भाऊंची चेकरकी बारमाही. माझी जुनी मोटारसायकल, पुतण्याचा होणारा सासरा, बाजारातली वांगी, गावचा सरपंच, सगळं त्यांनी तपासलेलं आहे. कायदा एकच. "भोक चालते, शीर तुटलेली नाई चालत. बिनभोकाचंच पान पाह्यजे असन तं विडी ओढू नोका!"

आमची मोनाली नोकरीसाठी अमेरिकेत गेली, तिथलीच नागरिक झाली आणि तिला पहिल्यांदा मत द्यायचं होतं. तिनं बापाला, म्हणजे मला, नाही विचारलं, डोमाकाकाला विचारलं. मग दर रविवारी सकाळी भाऊ फोन घेऊन आमच्या ओसरीवर हजर, कारण त्यांच्या घरात रेंज नाही. कान जड म्हणून स्पीकर चालू. अख्खी गल्ली अमेरिकेचं राजकारण ऐकायची.

"काका, एक नुसत्या फुशारक्या मारते, अन् दुसरा विचारलं त्याचं उत्तरच देत नाई. दोघायलेबी फेकून द्यावं वाटते."

"फेकू नोको, माय. पुडा तं भराच लागते. तिसरं पान नाई काय?"

"हाये. पण त्याले कोनी मोजत नाई."

"बरं, शीर पाहू. दवाखान्याचं काय म्हनतेत दोघं?"

दवाखान्यावरून निघालं की पोरगी मागच्या आठवड्यात चार दिवस तापानं एकटी पडून होती. आम्हाला पत्ता नाही! मी 'कशी आहेस' विचारतो, ती 'बरी आहे' म्हणते, बापलेकीचं बोलणं दीड मिनिटात आटोपतं. भाऊ मात्र उमेदवारांचं घरभाड्याचं धोरण विचारत आणि त्यातून तिची नवी खोली, भांडकुदळ शेजारीण, रुसलेली मैत्रीण, सगळं बाहेर येई. माझी बायको लसूण सोलायचं निमित्त करून ऐकत बसे. त्या दोन महिन्यांत मला माझी मुलगी जितकी कळली, तितकी ती या घरात असताना कळली नव्हती. भाऊंचे हे उपकार मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

निर्णय मात्र भाऊ देईनात. "घाई नोको. आनखी एक इतवार पाहू." वहिनी गेल्यापासून ते घरात एकटेच असतात. मत ठरलं की फोन बंद, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

शेवटी मतदानाच्या तोंडावर मीच मोनालीला फोन लावला. "भाऊ काई तुले ठरवू देत नाई. तूच ठरव अन् दे मत."

"बाबा, थे तं मी महिन्याआधीच टपालानं देऊन टाकलं."

"मंग त्याईले काऊन विचारून राह्यली?"

"ठरलं म्हटलं का काका फोन ठेवन. मंग मी कोनासंग बोलू? तुमी त्याईले सांगू नोका."

निकाल लागला. पुढच्या रविवारी भाऊ धुतलेला सदरा घालून आले, पण फोन खिशातच होता. "आता तिले माह्याकडं काय काम, मास्तर?" म्हणाले. मला राहवलं नाही. मोनालीनं सांगू नका म्हटलं होतं, तरी सगळं सांगून टाकलं.

"लबाड पोट्टी," भाऊ म्हणाले आणि दुपट्ट्यानं डोळे पुसले.

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढून माझ्यापुढे धरला. मोनालीचंच नाव होतं.

"घ्या ना, भाऊ."

"घेतो," ते म्हणाले. "वाजू द्या जरासा."