करड्या रंगाचं सरबत

पोस्टातल्या रजिस्टर काउंटरवर दिवसभर बसून हेडक्लार्क इतका थकायचा, की त्याला 'नको' म्हणायचाही कंटाळा यायचा. म्हणूनच पॅशन फ्रूटची पिशवी त्याच्या घरात शिरली. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाच्या गच्चीत वेल माजला होता. "न्या हो, फक्कड सरबत होतं. फक्त बिया टाकू नका!" म्हणत त्याने दोन किलो फळं गळ्यात मारली.

घरी बायकोने पिशवी उलटी केली. "अहो, निम्मी सुकलीयत! कोणीही काहीही देतं आणि तुम्ही घेता!" सुरकुतलेली सगळी तिने टोपलीत टाकून मागच्या दाराशी ठेवली आणि गुळगुळीत, टणक तेवढी ठेवून घेतली. (तिचंच बरोबर असणार, असं त्याला वाटलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली की असंच वाटतं.)

रविवारी तिचा थोरला भाऊ येणार होता. आईचं शिवणयंत्र तिने न विचारता विकलं, तेव्हापासून तीन वर्षं तो तिच्याशी बोलत नव्हता. सकाळपासून तिने दोनदा पडदे बदलले, एकदा रडून घेतलं.

"तू बस. सरबत मी करतो," हेडक्लार्क म्हणाला. असं तो का म्हणाला, हे त्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही.

बिया टाकायच्या नव्हत्या, म्हणून त्याने गर बियांसकट मिक्सरमध्ये फिरवला. काळी रेती तयार झाली. गाळणं तुंबलं. चव बघितली तर डोळे आपोआप मिटले. मग आंबटपणा मारायला साखर, आणि साखर पुरेना म्हणून दूध. दूध तत्क्षणी फाटलं.

तेवढ्यात बेल वाजली.

थोरला भाऊ कँटीन चालवायचा. खुर्चीत ताठ बसला, बहिणीकडे बघेना. हेडक्लार्कने ग्लास पुढे केला. करड्या पाण्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या.

"हे काय आहे, भाऊजी?"

"सरबत."

भावाने एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि उठून थेट स्वयंपाकघरात गेला; बहीण मागोमाग धावली. "अगं, ही टोपली बाहेर कोणी ठेवली? सुरकुतली की पिकतं हे फळ! तुम्ही कच्चीच वाटलीत?" आतून चमच्याचा आवाज आला, मग कुजबुज, मग रडणं, आणि मग चक्क दोघांचं हसणं. थोड्या वेळाने केशरी सरबताचे ग्लास आले. गर नुसता चमच्याने काढलेला, थंड पाणी, साखर, चिमूटभर मीठ. अमृत!

दिवेलागणीला भाऊ गेला. जाताना बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवून गेला. मिक्सर घासता घासता हेडक्लार्कला थकव्यातही जरा बरं वाटलं. कसंही असो, सरबत आपल्यामुळेच झालं होतं.

"दादाचा राग गेला कसा गं एकदम?"

"तुमच्यामुळेच," बायको डोळे पुसत म्हणाली. त्याची छाती फुगली.

"तुमचं सरबत प्यायला आणि मला आत म्हणाला, 'पोरी, तू एवढं सोसतेयस, मला कल्पनाच नव्हती. आता मी आणखी कशाला छळू?'"