दगा मास्तरांची बेल

१९३६, पौषातला शनिवार. हजर: मी, शहाद्याच्या एका जिनिंग कारखान्याचा कारभारी; मुनीम धनजीभाई; गाडीवान सुकलाल. गैरहजर: माझे शेजारी दगा मास्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षक.

मास्तरांना कोणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तर ते आधी 'गुड'चं कूळ सांगतात. तोवर दुपार होते. "मूय दखा, शब्दनं मूय!" शब्दाचं मूळ बघा, हे त्यांचं पालुपद.

त्या दिवशी मामलेदार कचेरीच्या शिपायानं त्यांचा निरोप आणला: "ताबडतोब बेल पाठवा."

"मास्तर म्हादेवले गयात का?" सुकलालनं विचारलं.

"अरे गांडा, वेड्या, इंग्रजीत बेल म्हणजे रुईची गासडी!" धनजीभाई खेकसले.

घोटाळा नको म्हणून मी दोन्ही घेतलं. गाडीत गासडी, गासडीवर बेलाची पानं.

कचेरीच्या पायरीवर मास्तरांनी कपाळाला हात लावला. "बेल म्हणजे जामीन हो! रूपसिंगला धरलंय. संध्याकाळपर्यंत जामीन नाही, तर धुळ्याला तुरुंगात!"

रूपसिंग पावरा धडगावकडचा, कित्येक वर्षं मास्तरांच्या घरीच राहतो. त्यांच्या चुलीसाठी सरकारी जंगलातून लाकडं आणताना सापडला होता.

"मग सरळ जामीन म्हणायचं की!"

"तर तुम्ही जमिनीचे कागद आणले असते."

खरं होतं. आणले असते.

"मूय दखा! तुमची बेल फ्रेंच, गुंडाळलेलं गाठोडं. मन्ही बेल लॅटिन, ओझं वाहणारा हमाल..."

आत पुकारा झाला, तरी मास्तर लॅटिनमध्येच. सुकलालनं दंडाला धरून त्यांना आत नेलं.

साहेबांनी विचारलं, "हा रूपसिंग तुमचा कोण लागतो?"

साहेबांपुढे नेहमी इंग्रजी झाडणारे मास्तर हळूच म्हणाले, "साहेब, हाऊ शे म्हनीसन मन्हा घरमा चूल पेटस."

ज्याच्यामुळे मास्तरांच्या घरात चूल पेटते, त्याला मी जामीन राहिलो. सही केली.

रूपसिंगला घाटातून पायी आणलं होतं. पाय टम्म सुजलेले. बाहेर येताच त्यानं विचारलं, "मास्तर, भाकर खादी का?"

"तू नव्हता ना," मास्तर म्हणाले आणि भिंतीकडे वळून चष्मा पुसत राहिले.

मग त्यांनी त्याला उचलून गासडीवर बसवलं, गाडी आपल्या घराकडे वळवली आणि स्वतः बैलांपुढे चालू लागले. मला 'येतो' म्हणायचंही राहिलं.

गासडी कारखान्यात परत आणायची बाकी आहे. दोनदा जाऊन आलो. रूपसिंगच्या पायांची सूज उतरलेली नाही, आणि मास्तर त्याला तिच्यावरून उठू देत नाहीत.