व्याहीभेटीचा शर्ट

कापडाच्या दुकानात, भर गर्दीत, तुम्हाला कुणी कडकडून मिठी मारली आहे का? मला मारली आहे. शर्ट घालून बघायच्या खोलीतून मी बाहेर आलो आणि शेजारच्या दिगांबर काकाजींनी मला छातीशी आवळून धरलं. सेल्समन बघतच राहिला. काकाजी मात्र माझ्या काखेतल्या शिवणीची चाहूल घेत होते. मग मला सोडून म्हणाले, "घेऊन टाक. व्याहीभेटीले टिकते हा."

प्रसंग माझ्या मेहुण्याच्या रिसेप्शनचा. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत, म्हणजे मला व्याही मिळायला वीस वर्षं अवकाश. पण काकाजींचं म्हणणं ठाम होतं. "रिसेप्शनमंदी कोन कवा गळ्यात पडंन, सांगता येते का बाप्पा?"

काकाजी मूळ वलगावचे. सारी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. लोकांच्या शेतांच्या धुऱ्या-बांधांवरून साखळी ओढायची, हद्दीच्या खुणा रोवायच्या आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्यांनी माणसं मोजायला घेतली. अमरावतीत आमच्या कॉलनीत कुणाकडे लग्न निघालं की पुरुषांचे शर्ट निवडायला काकाजी हजर. बोलावलं तरी आणि नाही बोलावलं तरी.

संध्याकाळचा शर्ट संध्याकाळीच घ्यायचा, हा पहिला नियम. दिवे लागल्यावर ते शर्ट घेऊन दुकानाबाहेर येत आणि जयस्तंभ चौकाच्या रहदारीत उभं राहून रंग बघत. दुकानदाराला शर्ट चोरीला गेल्यासारखं वाटायचं. "पांढरा घेशीन तं स्टेजवरच्या लाइटीत निळा दिसशीन. काळा घेशीन तं लोक तुले पाणी मागतीन." मग कॉलरमध्ये बोटं घालून बघायची. "गळ्याची हद्द दोन बोटं. एक बोट तं फास, तीन तं बुजगावणं." मग हात वर करून आरशासमोर खोट्या अक्षदा टाकायच्या, शर्ट पँटीतून बाहेर आला की नापास. आणि शेवटी ती मिठी.

मी आधीच तापट. एकदा चिडून म्हणालो, "काकाजी, शर्ट घ्यायचा आहे, सातबारा नाही."

"सातबाऱ्यातली चूक दुरुस्त होते," ते शांतपणे म्हणाले. "फोटोतला शर्ट जनमभर तसाच राह्यते."

गंमत अशी की साऱ्या कॉलनीला सजवणारा हा माणूस स्वतः एकाही रिसेप्शनला जात नसे. त्या संध्याकाळी नेमका त्यांचा गुडघा दुखायचा. आम्ही सगळे हसून "बरं" म्हणत असू, कारण खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी सुनीता. तिनं अकोल्यातला मुलगा स्वतः पसंत केला. मुलगा चांगला होता, पण आपल्यातला नव्हता, आणि तेव्हा काकाजींना तेवढंच दिसलं. मुलाचे वडील स्वतः अकोल्याहून बोलावणं घेऊन आले, तर काकाजींनी त्यांना फाटकातच अडवलं. "माह्या हद्दीत पाय टाकू नका." हे मी माझ्या ओट्यावरून ऐकलं आहे. त्या धिप्पाड माणसानं बाहेरूनच हात जोडले आणि तो परत गेला. लग्न लागलं, काकाजी गेले नाहीत. व्याहीभेट राहिली ती राहिलीच.

या हिवाळ्यात अकोल्याहून पत्रिका आली. सुनीताच्या दिराचं रिसेप्शन. खाली तिच्या अक्षरात दोनच शब्द : 'बाबा, या.' काकाजींनी पत्रिका माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "शर्ट घ्या लागते."

तीन संध्याकाळी आम्ही दुकानं पालथी घातली. दुसऱ्यांना दहा मिनिटांत शर्ट देणारा माणूस स्वतःच्या वेळी प्रत्येकात खोट काढत होता. शेवटी एक फिक्कट मोतिया शर्ट घालून ते बाहेर आले. कॉलर झाली, अक्षदा झाल्या. मी हात पसरले, "या काकाजी, व्याहीभेट."

ते मागे सरकले. "मी त्या मानसाले फाटकातून हाकललं. तो काहून भेटंन मले?"

मी पुढे होऊन त्यांना जवळ घेतलं. केवढेसे उरले होते काकाजी! शिवण टिकली, परीक्षा संपली, तरी त्यांनी मला सोडलं नाही. इतकी वर्षं लोकांच्या शिवणी तपासताना या माणसाच्या वाट्याला जी काय माया येत होती ती एवढीच, हे मला तेव्हा कळलं. मला माझीच लाज वाटली.

अकोल्याला मी सोबत गेलो. लॉनच्या कमानीशी काकाजी थबकले. "तू जाय आत. मी येतो." त्यांचा गुडघा दुखायला लागणार, हे मी ओळखलं. तेवढ्यात आतून फेटा बांधलेला तो धिप्पाड माणूस गर्दी सारत आला आणि कमानीच्या आतच उभा राहिला.

"काहून साहेब, आता येऊ का तुमच्या हद्दीत?"

काकाजींचे दोन्ही हात वर झाले. व्याह्यांनी त्यांना असं आवळलं की काकाजींचे पाय जमिनीवरून उचलले गेले. आणि काखेत टर्रकन आवाज झाला. माझी मिठी ती केवढी, परीक्षा तिथेच चुकली होती. सुनीता हसत आणि रडत धावली, पदराची पिन काढून तिनं बापाची काख टाचली. रिसेप्शनच्या साऱ्या फोटोंत काकाजी उजवा हात अंगाला चिकटवून उभे आहेत.

गेल्या आठवड्यात कॉलनीतल्या एकाचा शर्ट घ्यायला आम्ही पुन्हा गेलो. रंग बघून झाला, कॉलर झाली, अक्षदा झाल्या. तो बिचारा रिवाजाप्रमाणे हात पसरून उभा राहिला. काकाजी शर्ट बांधायला सांगून मोकळे झाले.

"काकाजी, व्याहीभेट राहिली ना!" मी म्हणालो.

"राहू दे," ते म्हणाले. "उसवला तं उसवू दे, लेका. शिवता येते."