श्रीमंतांचा पहिला चेंडू

श्री मैदानदेवता साक्ष. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरे, चैत्र शुद्ध अष्टमी, ते दिवशी बेसबॉलाचा हंगाम उघडला आणि ते समयी जो अनर्थ जाहला तो सावध चित्ते ऐकावा. राज्याचे नाव लिहीत नाही, ज्याचे त्याने ओळखावे. तर त्या राज्यी ऐसी चाल की हंगामाचा पहिला चेंडू खुद्द श्रीमंतांनी फेकावा, आणि समोरचे गड्याने बॅट फिरवावी, वारा घालावा, चेंडूस शिवू नये, मग मान लववावी. यंदा तो मान नेमाजी गडी यास आला. नेमाजी कैक वर्षे पथकाचे बाकावर बसून होता, त्यास कधी मैदानी उतरविले नव्हते, आणि पथकाचे नाईक हैबतराव त्यास बाजूस घेऊन बोलिले, "नीट चुकलास तर हंगामभर पहिला उतरशील. बॅट लागली तर गाशा गुंडाळ." नेमाजी बोलिला, "नाईक, चुकायचे मला शिकवता? बाकावर बसून चेंडू लागतो होय?" ऐसे हसून बोलिला, परंतु चुकण्याचा सराव करू जाता हात ऐकेनात, चेंडू दिसला की बॅट आपली जाऊन त्यास भिडे.

मग श्रीमंतांची स्वारी आली. ते दिवशी राज्यात दोन वावटळी उठल्या होत्या. सात सरदार डेरा सोडून परमुलुखी हाटेलात जाऊन बसले होते आणि गादी राहते की जाते ऐसे जाहले होते, आणि इकडे नटी रूपमाला हिची हळद होती. रयतेचा एक डोळा मैदानाचे भोंग्याकडे, दुसरा मोबाइलाकडे, आणि तिसरा डोळा शंकराखेरीज कोणास नसल्याकारणे खेळाकडे कोणी पाहीना. नेमाजीचे पाठीमागे चेंडू झेलावयास कोयाजी हा जुना गडी उकिडवा बसला होता, तो बोलिला, "नेम्या, डोळे मिटून घे. तुझे डोळेच तुझे वैरी आहेत." मग श्रीमंतांनी हात उगारिला, आणि चेंडू सोडिला, आणि तो ऐसा उंच आणि ऐसा मंद निघाला की पोहोचेतो एखादे राज्य जावे, आणि नेमाजीने बॅट उचलिली, आणि

ताजी खबर! सरदार फुटले! श्रीमंत गादीवरून उतरले!

आणि भोंग्याचा आवाज कानी पडताच नेमाजीची बॅट उचलिली तैसीच राहिली, कारण चेंडू हवेत, आणि ज्याचा चेंडू तो राजा नव्हे. "काका, आता काय?" ऐसे तो कोयाजीस ओरडला. "अरे मार! राज्य गेले त्यांचे!" मग बॅट फिरली, आणि लागली, आणि ऐसी लागली की हातास कळलेच नाही, आणि चेंडू मैदानाची भिंत ओलांडून

ताजी खबर! रूपमालेने ऐन हळदीत लग्न मोडिले!

आणि अवघे मैदान माना खाली घालून मोबाइलात बुडाले, नाईकही बुडाले, आणि चेंडू गेला तो कोणी पाहिला नाही, आणि

खबर मागे घेतली! सरदार परतले! गादी कायम!

तेव्हा श्रीमंतांचे तोंड उघडे ते उघडेच. नेमाजीचे हातून बॅट गळाली. राज्य करीत असलेल्या राजाचा चेंडू त्याने मारिला होता. श्रीमंत चालत आले आणि हळूच विचारते जाहले, "कोणी पाहिले काय?" कोयाजी बोलिला, "कोणी नाही, सरकार. रूपमालेने राखले." "मग हा चुकला," ऐसे श्रीमंत बोलिले, आणि पंचाने कमरेच्या पिशवीतून दुसरा चेंडू काढून कोयाजीचे हातमोज्यात ठेविला, आणि कोयाजीने तो उंच धरिला. तोवर नाईकांनी मान वर केली. "नेमाजी, चुकलास ना रे?" नेमाजीने भिंतीकडे पाहिले. ऐसा टोला जन्मी बसला नव्हता, पुढे बसेल ऐसे नव्हते. नाईक गुरगुरले, "विचारतो आहे मी!" "चुकलो, नाईक." "शाबास! मर्द आहेस!" ऐसे म्हणून पाठ थोपटिली, आणि रयतेने टाळ्या पिटिल्या, आणि नेमाजीने मान लवविली ती वर येईना.

मग खेळ सुरू जाहला, तेव्हा नेमाजी पाठीमागे वळून पुसता जाहला, "काका, लागला होता ना? कसा लागला होता, सांगा ना." कोयाजीने तोंडावरचे जाळीआडून त्याजकडे पाहिले आणि बोलिला, "कोणता चेंडू?"

सारांश, श्रीमंत गादीवर राहिले, सरदारांस नव्या जहागिऱ्या मिळाल्या, आणि नेमाजी हंगामभर पहिला उतरला. कोणी त्याचे चुकणे वाखाणू लागला की तो उठून पाणी पिऊन येई.