सुलेमान मिस्त्रींचा कोरडा पायजमा

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि कोणी कोणाविषयी कागदावर काही लिहिलेलंही नाही. त्यामुळे हे मी करावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. मराठीच्या सरांनी ‘ओळखीच्या एका माणसाविषयी लिहा’ म्हटलं, तेव्हा वर्गातल्या मुलांनी मोठमोठी माणसं निवडली. मला मात्र एकच माणूस आठवला, आणि तो आठवला की मला वर्गातसुद्धा हसू येतं. हा माणूस गेली पंधरा वर्षं लोकांना पोहायला शिकवतो आहे, आणि इतक्या वर्षांत त्याच्या पायजम्याला तळ्याच्या पाण्याचा एक थेंबही लागलेला नाही.

त्यांचं नाव सुलेमान मिस्त्री. नागभीडकडे आमच्या गावाला लागून मालगुजारांची मोठी बाग आहे. बाग म्हणतात, पण आंब्यांबरोबर धानाची शेती आहे, गोठे आहेत आणि पूर्वजांनी बांधलेला पन्नास बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, पाणी देणारा तलाव आहे. मालक नागपुरास राहतात. कारभार दिवाणजी पाहतात. माझे बाबा तिथे सालदार, आई धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, आणि कापणीला. मिस्त्री मूळचे राजुऱ्याचे. बागेतलं डिझेल इंजिन सांभाळायला आले आणि पंपाच्या खोलीतच राहू लागले. राजुऱ्यात त्यांच्या भावांची सायकलची दुकानं आहेत. यांनी लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतात, “एका घरात दोन इंजिनं नाई चालत, बाप्पा. धूर होते.”

आमच्या बागेत प्रत्येकाला कसला तरी नाद आहे. गोठ्यावरचे सोमाजी बासरी वाजवतात, म्हशी ती निमूटपणे ऐकतात. दिवाणजींना वर्तमानपत्रातली कोडी सोडवायचं वेड आहे. मिस्त्रींचा नाद म्हणजे पोहणं. इतरांचं पोहणं. रोवणे आटोपले की दर रविवारी सकाळी त्यांचा वर्ग भरतो. फी नाही, जातपात नाही, वयाची अट नाही. पहिले तीन रविवार पाणीच नाही! खळ्यावर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग घालतात आणि त्यावर सगळ्यांना पालथं झोपवतात. मग गळ्यातली कंडक्टरची जुनी शिट्टी फुंकतात आणि मोठमोठे लोक कोरड्या तणसावर हातपाय मारू लागतात. रस्त्याने जाणारी एस.टी. तिथे हमखास मंद होते. खिडकीतून लोक ओरडतात, “काऊन गा, धान पोहून राह्यला का?” मिस्त्री वळूनही पाहत नाहीत.

त्यांची शिकवण्याची भाषा सगळी इंजिनाची. हात म्हणजे पिस्टन. तोंड म्हणजे नोझल. कोणी धाप टाकू लागला की ते तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, ओरडतात, “इंजिनानं एअर घेतली! थांब, एअर काढ, मग हँडल मार!” आणि सगळ्यांत शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य, “पाणी वाईट नाई, घाई वाईट.”

दिवाणजी शिकले तो रविवार मला स्पष्ट आठवतो. दिवाणजींचं शरीर भरलेलं. त्यांच्या पाठीला मिस्त्रींनी तीन सुके भोपळे बांधले. पाण्यात ढकलल्याबरोबर दिवाणजी पालथे तरंगले, आणि तरंगतच राहिले. पाय खाली जाईनात. तोंड वर काढायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा पाण्यात.

“मिस्त्री! मले उभं करा!”

“दिवाणजी, टाकीत हवा जास्त भरली. घाबरू नका. असं इंजिन बुडतच नाई.”

“मी इंजिन नाई, मी दिवाणजी हो!”

शेवटी माझ्या बाबांनी आणि सोमाजींनी त्यांना ओंडका ओढावा तसं काठाला आणलं. बाहेर आल्यावर दिवाणजी रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी डोकं पुसलं आणि म्हणाले, “पुढल्या रविवारी दोनच भोपळे बांधा.”

आता एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला चुकल्यासारखं वाटतं. मिस्त्रींना पोहता येत नाही. गुडघाभर पाण्यातसुद्धा ते उतरत नाहीत. आणि हे बागेत सगळ्यांना माहीत आहे. एकदा त्यांचा दुपट्टा वाऱ्याने उडून पाण्यात पडला. हात लांब केला असता तर मिळाला असता. मिस्त्री पाळीवर बसून राहिले. कोणी काढून देऊ लागलं तर म्हणाले, “राहू द्या, भिजला तर धुवून होते.” अर्ध्या तासाने वाऱ्यानेच तो काठाला आणला. इतका वेळ आम्ही तिघेचौघे गंभीर चेहऱ्याने आंब्याकडे पाहत होतो. बाहेरगावचे ग्रामसेवक एकदा विचारू लागले, “मिस्त्री, तुम्ही कुठी शिकले पोहणं?” मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात बाबा म्हणाले, “त्यायले शिकाची गरजच नाई पडली.” ग्रामसेवकांनी आदराने मान डोलावली.

सगळी बाग शिकली. बाबा शिकले, मी शिकलो, रोवणाऱ्या बायकासुद्धा लुगड्याचा काचा मारून शिकल्या. शिकली नाही ती एकटी माझी आई. आणि मिस्त्रींना सगळ्यांत जास्त शिकवायचं होतं ते तिलाच. कारण दिवाळीच्या सुमारास आई तलावात शिंगाडे तोडायला जाते. लाकडाच्या जुन्या डोंग्यात बसायचं आणि वाकून पाण्यातला वेल ओढायचा. डोंगा कलंडला तर पाय त्या वेलांत अडकतात. पोहणाऱ्यालाही मग सुटणं कठीण.

दरवर्षी पहिल्या रविवारी मिस्त्री आमच्या दारात यायचे.

“कौतिकाबाई, यंदा तरी चाल.”

आई चुलीपुढून उठायचीही नाही. “मिस्त्री भाऊ, तू उतर. गळ्याइतक्या पाण्यात तू उभा राह्यला, का त्याच दिवशी मी उतरते.”

“माहा पंप चालू हाय, बाई,” म्हणत मिस्त्री निघून जायचे. पंप बंद असायचा. त्याचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो, तेव्हा लपण्यासारखं काही नव्हतं.

मग शिंगाड्याचे दिवस यायचे. आई डोंग्यात, आणि मिस्त्री पाळीवर. समोर इंजिनाचा एक सुटा भाग, हातात चिंधी. दिवसभर ते तो पुसत बसायचे. बायका हसायच्या, “मिस्त्री, त्याले आता घासाल तर भोक पडन!” मिस्त्री मान वर करायचे, पण त्यांचे डोळे बायकांवर नसायचे, डोंग्यावर असायचे. शेजारी एक लांब दोर गुंडाळून ठेवलेला असायचा. इंजिन पुसायला दोर कशाला लागतो, हे मला लहानपणी कळलं नव्हतं.

चंद्रपूरला कॉलेजात यायच्या आदल्या दुपारी मी त्यांचा निरोप घ्यायला पंपाच्या खोलीत गेलो. धीर करून विचारलं, “मिस्त्री, तुम्हाला पाण्याची भीती वाटते, तर हे सगळं काऊन करता?”

ते रागावले नाहीत. चहा ओतता ओतता म्हणाले, “तुले तुह्या मायनं नाई सांगतलं?”

आईने काही सांगितलं नव्हतं.

“मी नवा नवा आलो होतो. पाळीवर पाईप बसवत होतो, शेवाळावरून पाय घसरला. पाणी कितीक, पण मले तर समुंदर वाटलं. तुही माय डोक्यावर धानाच्या पऱ्ह्याचा, रोपाचा भारा घेऊन चालली होती. भारा फेकला आणि उतरली सीधी. काठावरून दोघी बायकांनी तिच्या लुगड्याचा पदर धरून ठेवला. तिच्या नाकाले पाणी लागलं होतं, बेटा. कॉलर धरून मले ओढलं.” त्यांनी माझा कप पुढे सरकवला. “काठावर आल्यावर मले विचारते, ‘पोयता येते का तुले?’ मी म्हटलं, नाई. तर म्हणते, ‘मलेबी नाई.’ आणि हासत सुटली.”

मिस्त्री मात्र हसले नाहीत.

“तिले पोहणं येत नव्हतं आणि ती माह्यासाठी उतरली. मले दहा दिवस झोप नाई आली. म्हटलं, या बागेत आता कोणी न पोहणारा कोणासाठी उतरणार नाई. सगळ्याइले शिकवलं. ती एकटी राह्यली.” त्यांनी कप खाली ठेवला. “आणि तिची अट अशी, का मले ते होत नाई. पायरीवर जातो, पाय थांबते. घरी गेल्यावर स्वतःलेच शिव्या देतो.”

एवढं लिहून मी थांबलो होतो. सरांना हेच देणार होतो. पण आज दुपारी वसतिगृहात एक पोस्टकार्ड आलं. बाबांनी पत्त्यात खोलीचा नंबर चुकवल्याने ते दुसऱ्या मुलाच्या टेबलावर बारा दिवस पडून होतं. बाबा चौथी शिकलेले. त्यांनी आयुष्यात मला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. वाचताना मी दोनदा उभा राहिलो आणि दोनदा बसलो. बाबांचे शब्द आहेत तसे उतरवतो, कारण यापेक्षा चांगलं मला लिहिता येणार नाही.

‘चि. बाबूस आशीर्वाद. पत्र पाळीवर बसूनच लिहून राह्यलो. यंदा डोंग्याला चीर पडली तरी तुझी माय जातेच म्हणे. मिस्त्री दोन दिवस कोणाशी बोलला नाई. आज रविवारी सकाळी आला, घड्याळ काढून दिवाणजीजवळ दिलं आणि पायऱ्या उतरला. एका हाताले मी, एका हाताले सोमाजी. डोळे बंद, शिट्टी दातात, लटलट कापे. कमरेइतकं झालं, छातीइतकं झालं, गळ्याइतकं झालं. मग शिट्टी वाजवली. सारी बाग पाळीवर उभी, कोणी हासलं नाई. तुझी माय बोलली तशी वागली. काचा मारला न उतरली. भोपळे बांधून चार हात गेली. मिस्त्रीनं तिले पाण्यातूनच शिकवलं. आता ऊन माथ्यावर आलं. सारे घरी गेले. हाक मारली तर हासते, घाई वाईट म्हणते, पण मिस्त्री काई पाण्याबाहेर निघून नाई राह्यला.’