कुलपातलं गंध

विजयादशमीच्या सकाळी सेतुमाधवांनी आपल्या जुन्या स्कूटरची चावी कुलपात घातली, जोर लावून फिरवली, आणि अर्धी चावी आत राहून अर्धी हातात आली. ते त्या तुकड्याकडे नुसते बघत राहिले.

कुलपात गंध होतं. आदल्या दिवशी आयुधपूजेला बायकोनं, नागलक्ष्मींनी, दिव्याला, हँडलला, चाकांना गंध-कुंकू लावलं, आणि चावीच्या भोकातही सढळ हातानं भरलं. उन्हात वाळून त्याचं पार सिमेंट झालं होतं.

"भोकात कायला लावायचं ते?"

"चावी तिथंच घालता की नाही? मग देव तिथं नको?" नागलक्ष्मी म्हणाल्या.

जोडीची चावी कधीच हरवली होती. आणि आज दुपारी वर्षा येणार होती, बेंगळुरूहून. मागच्या खेपेला बाप भर बाजारातून स्कूटर ढकलत येताना तिनं पाहिला होता. तेव्हापासून फोनवर एकच धोशा: "अप्पा, मी आले त्या दिवशी सुरू झाली तर ठेवा. नाही तर भंगारात." पोरगी बोलली की करते, आईवर गेलीय. आणि स्कूटर गेली की रोज संध्याकाळी कालव्याच्या काठी एकट्यानं, गप्प बसायचा तो एक तासही गेला. या बोलघेवड्या घरात सेतुमाधवांच्या मालकीचं तेवढंच काय ते होतं.

ते पाय ओढत कीळवासल भागात सांबशिवच्या चाव्यांच्या टपरीवर गेले. सांबशिव हात बांधून बसला होता.

"आज नाही सार. कानस, पक्कड, सगळं सरस्वतीपुढं ठेवलंय. पूजा करून उचलायचं, मग काम."

"मग कर की पूजा!"

"आत्ता? राहुकाळात?"

सेतुमाधवांनी स्वतः कालपासून वर्तमानपत्राची घडी मोडली नव्हती. सरस्वतीपूजेला वाचायचं नाही म्हणून तेही देव्हाऱ्यातच होतं.

म्हणून ते सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदारानं तुकडा उलटसुलट केला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि आदरानं परत दिला.

"अजून चालते गाडी?"

"कालपर्यंत चालत होती."

"नवं कुलूप नाही मिळायचं सार. पण तुकडा विकणार असाल तर सांगा, शोकेसमध्ये ठेवतो."

पुन्हा टपरी. राहुकाळ संपला, पूजा झाली, कापूर झाला, वर्षातल्या पहिल्या कामाचं लिंबूही कापून झालं. सांबशिव सायकलवरून आला, मागून सेतुमाधव चालत. कुलपातलं गंध उकरून तुकडा निघाला, दोन्ही तुकडे जोडून नवी चावी घासायला घेतली, तोच दारात ऑटो थांबली.

वर्षा उतरली. तिनं गंधाचा ढिगारा पाहिला, बापाचा चेहरा पाहिला आणि पिशवीवर बसली.

"घासा, घासा. मी आहे इथंच."

चावी आत गेली. फिरेना.

"भंगारवाल्याला फोन करू, अप्पा?" वर्षानं मोबाइल काढला.

"थांब, मा!" सेतुमाधव कळवळून म्हणाले.

सांबशिवनं आणखी चार हात कानस मारली. चावी फिरली. सेतुमाधवांनी किक मारली, काही नाही. दुसरी मारली, काही नाही. तिसऱ्या किकेला स्कूटर खोकली, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागली. देवा, सुटलो! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर काही एवढा नव्हता.

"बरं, ठेवा," वर्षा म्हणाली. शब्दाची पक्की. "आणि आता गाडी चालतेच, तर अम्माला रोज संध्याकाळी भजनाला तुम्हीच न्यायचं. भजन संपेतो बसायचं, घेऊन यायचं. ऑटो कायला?"

"मी कधीची म्हणते," नागलक्ष्मी म्हणाल्या.

सेतुमाधवांचा हात चावीकडे गेला. गाडी बंद करावी आणि सांगावं, पुन्हा अडकली म्हणून.

"काय अप्पा? चालते ना नीट?" वर्षाच्या हातात अजून फोन होता.

"चालते," ते म्हणाले, आणि सीटवर पुढे सरकले. "आत्ताच एक फेरी मारून बघू," म्हणत नागलक्ष्मी मागं बसल्या. स्कूटर गल्लीच्या कोपऱ्यावर पोचायच्या आत भजनमंडळातल्या वेंकूबाईंच्या सुनेची गोष्ट सुरूही झाली होती.