बिनवायरीचं पाचोळा-निर्मूलन यंत्र

महिला दिनाला रत्नपालने घरकामातल्या समानतेवर जे भाषण केलं, त्याचा व्हिडिओ कोणीतरी त्याच्या बायकोला, करुणाला पाठवला आणि प्रकरणाला तोंड फुटलं. रत्नपाल तालुक्याच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक; राहायला डोंगरकड्याच्या अलीकडच्या एका गावात. अंगणात कडुलिंबाचं एक झाड, आणि मार्च असल्यामुळे सदर झाडाची पानगळ जोरात.

"लई चांगलं बोललात," करुणा म्हणाली आणि तिने खराटा पुढे केला. "उद्यापासून अंगण तुमचं."

भाषण मागे घेता येत नव्हतं, आणि वरिष्ठ लिपिकाला झाडताना गल्लीने पाहणंही प्रशासकीयदृष्ट्या योग्य नव्हतं. सबब, समानतेला धक्का न लावता खराट्यालाच बाद करण्याचं ठरलं. फवारणी पंपाची बॅटरी, भंगारातून आणलेला जीपच्या रेडिएटरचा पंखा, पुढे पाइपाचा तुकडा आणि पाठीला बांधायला पंपाचेच पट्टे. बटण दाबलं की वारा सुटणार आणि पाचोळा मार्गी लागणार.

"अन् तवर अंगण कोण झाडंल?"

"यंत्र बनवून राहिलो ना! तवर तात्पुरता कार्यभार तुझ्याकडं."

हा तात्पुरता कार्यभार करुणाकडे लग्नापासूनच होता. ती झाडत राहिली.

पहिल्या चाचणीत पंखा उलटा फिरला आणि रत्नपालच्या लुंगीचं टोक आत ओढलं गेलं. दुसऱ्या चाचणीत वारा बरोबर पुढे सुटला, पण बाजेवर वाळत घातलेल्या शेवयांसकट.

"माझ्या शेवया कुठं चालल्या रे, रत्न्या?" त्याची आई चतुराबाई ओरडली. ही तक्रार तांत्रिक स्वरूपाची नसल्याने निकाली काढण्यात आली.

यंत्र सर्वार्थाने सिद्ध झालं तेव्हा एप्रिल लागला होता. लिंब कोवळ्या पानांनी गच्च भरलेला. पाठीवर बॅटरी बांधून रत्नपाल झाडाखाली उभा राहिला, वर पाहू लागला. एक पान पडेना.

सरपंच उत्तमराव यंत्र बघायला आले ते हरखूनच गेले. "गावाचं नाव निघंल! मी मोठ्या साहेबाला बोलावतो. लोकार्पणच करू."

"पण सरपंच, पाचोळाच न्हाई ना. जे काही पडते ते बाया सकाळीच झाडून टाकतात."

उत्तमराव गंभीर झाले. "काहून? कोणी सांगितलं बायांना?"

गाव स्वच्छ असल्यामुळे स्वच्छतेचा कार्यक्रम धोक्यात आला होता. पुढील आदेशापर्यंत कोणीही अंगण झाडू नये, अशी दवंडी पिटली गेली. बायांनी तिचं मनापासून पालन केलं. तरी भागेना म्हणून सेनगावाकडून टेम्पोभर सागाची पानं मागवली. मंडपापुढे ती पसरताना उत्तमराव जातीने उभे होते. "इथं पातळ पडलं, अजून टाका!" साहेबांना यायला उशीर होता, तोवर पानं उडून जाऊ नयेत म्हणून त्यांवर टँकरने पाणी मारलं.

साहेब आले, फेटा बांधला गेला. टाळ्यांच्या गजरात रत्नपालने बटण दाबलं. यंत्र गरजलं. साहेबांच्या फेट्याचा शेमला हलला. पान हललं नाही. ओली पानं भुईला पोळीसारखी चिकटली होती. रत्नपालने नळी खाली वाकवली, तिरपी केली, शेवटी पायाने एक पान उचकटून पाहिलं.

बायांच्या रांगेतून करुणा उठली. "सरा बरं बाजूला," म्हणत तिने खराटा मारायला घेतला. खर्र, खर्र. भुई दिसू लागली.

"ताई, एक मिनिट," फोटोग्राफर धावला. "खराटा साहेबांकडं द्या अन् तुमी थोडं बाजूला व्हा."

त्या एका खराट्याला साहेब, सरपंच आणि रत्नपाल असे सहा हात लागले. फोटो झाला. साहेब निघाले, सरपंच निघाले, खराटा रत्नपालच्या हातात राहिला. क्षणभर त्याला वाटलं, उरलेलं आपणच झाडून टाकावं; अवघड काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात जेवणाची हाक आली.

तो फोटो जिल्हाभर फिरला. तुमच्याही मोबाइलवर आला असेलच. तुम्ही त्याला टाळ्या वाजवणारे दोन हात पाठवलेत. सोफ्यावर बसून, पाय जरा वर उचलून. खाली कोणीतरी फरशी पुसत होतं.